रेंजफाइंडरवर ८५ एफ/२ : जवारी काढणाऱ्याचे डोळे शार्प का येत नाहीत?

कृष्णाकाठ (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात मी तीन रविवार सकाळी सांगलीहून मिरजेला जाऊन सतारमेकर गल्लीत बसलो. कॅमेरा झोर्की-४, म्हणजे जुना सोव्हिएत रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा). त्यावर ज्युपिटर-९ लेन्स, म्हणजे ८५ एमएम एफ/२ (एफ/२ म्हणजे ती पूर्ण उघडी). खिशात ज्युपिटर-८, ५० एमएम एफ/२. रोल एचपी५ (कृष्णधवल), आयएसओ चारशेवरच.

एक बुजुर्ग कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवत होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान कलती करून ऐकायचं, परत कानस. मग तारेखाली सुताचा दोरा घालायचा आणि तो मुंगीच्या पावलानं पुढे-मागे सरकवायचा. एका जागी आवाज एकदम उघडतो, अक्षरशः अंगावर येतो. त्या वेळी त्यांची नजर कशावरच नसते, सगळा माणूस कानात गोळा झालेला असतो. मला ते डोळे हवे होते. दारातून येणारा उजेड चांगला होता, पण आत तीन-चार फुटांवर लगेच पडतो. मीटर एफ/२ ला साठ (१/६० सेकंद) दाखवत होता, म्हणजे पूर्ण उघड्या लेन्सशिवाय गत्यंतर नव्हतं. अंतर साधारण दीड ते दोन मीटर.

रोल घरीच धुतला. छत्तीसपैकी फक्त नऊ फ्रेममध्ये डोळा जागेवर आहे. बाकीच्यांत कानाची पाळी शार्प, टोपीची मागची शिवण शार्प, खांद्यावरच्या टॉवेलचे धागे मोजता येतात. डोळा मात्र मऊ. ५० नं काढलेले सगळे व्यवस्थित आहेत.

चूक माझ्या डोळ्यात आहे, हातात आहे, की लेन्समध्ये? ज्यांनी रेंजफाइंडरवर ८५, ९० किंवा ७५ अशा उघड्या लेन्स वापरल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला हे काम नीट करायचं आहे. त्या गल्लीत असे हात आता फार उरलेले नाहीत.

हिरवा_फिल्टर (रविवार, रात्री १०.०५)

दादा, फोटोंची कल्पना फार आवडली. एक प्रश्न आहे, खरंच माहीत नाही म्हणून विचारतो. हीच लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर बसते. तिथे स्क्रीनवर डोळा मोठा करून फोकस करता येतो. मग रेंजफाइंडरवरच का?

कृष्णाकाठ (रविवार, रात्री १०.३०)

प्रश्न योग्य आहे. मिररलेस माझ्याकडे आहे आणि फोकस त्यावर जास्त हमखास मिळतो, हे मान्य.

पण या कामात मला दोन गोष्टी झोर्कीतच मिळतात. एक, ८५ लावली तरी खिडकीतून मला चौकटीबाहेरचं दिसत राहतं. कारागिराचा हात कानशीकडे निघाला की तो चौकटीत शिरायच्या आधी मला कळतं, आणि मी तयार असतो. दुसरं, शटर उडतं त्या क्षणी खिडकी काळी होत नाही. पापणी मिटली होती की उघडी, हे तिथल्या तिथे कळतं. मोठं करून बघायला गेलो की फक्त डोळा दिसतो आणि माणूस हरवतो. ऐकणारा माणूस मान हलवत असतो, तो मला पूर्ण दिसायला हवा.

तिसरी_घंटा (सोमवार, सकाळी ८.१०)

कृष्णाकाठ, अगदी हेच मी नाटकाच्या तालमींबद्दल सांगत असते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते आपल्या सांगलीत, त्यामुळे इथे तालमी बघायला मिळणं हे भाग्यच. मी भावे नाट्यमंदिरात आणि गावातल्या लहान हॉलमध्ये बरीच वर्षं तालमी टिपते. कॅमेरा लायका एम६, लेन्स ९० एफ/२. ट्राय-एक्स हा चारशेचा रोल सोळाशेला ढकलते (सोळाशेचा समजून वापरते आणि जास्त वेळ धुते) आणि एफ/२ ला सव्वाशेवर काम चालतं. आरसा नसल्यानं आवाज कमी, हाताला धक्का कमी. नट वाक्याच्या मध्ये श्वास घेतो तेव्हा कॅमेरा ऐकू आला तर तो श्वास तुटतो. म्हणून मला हाच कॅमेरा हवा असतो.

अडचणही सांगते. एम६ च्या ०.७२ पट खिडकीत ९० ची चौकट अगदी लहान दिसते. चेहऱ्यावरचा भाव त्यात वाचायला सवय लागते, मला वर्ष लागलं.

आता कामाची गोष्ट. तुम्ही कॅमेरा आडवा धरता की उभा? रेंजफाइंडरची दुहेरी प्रतिमा आडव्या दिशेनं सरकते, म्हणून कॅमेरा आडवा असताना जुळवायला उभी रेघ लागते : चष्म्याच्या काडीचं टोक, नाकाची कड, दाराची चौकट. कॅमेरा उभा धरलात की प्रतिमा वर-खाली सरकते आणि मग आडवी रेघ लागते. पापणीची कड, भुवई, ओठांमधली फट, टोपीची किनार. चेहऱ्यावर आडव्या रेघाच जास्त असतात. मी तर कॅमेरा आधी उभा धरून पापणीवर फोकस जुळवते, आणि फ्रेम आडवी हवी असेल तर मग आडवा करते. डोकं न हलवता हे करायला थोडा सराव लागतो, पण फरक पडतो.

छत्तीसवी_फ्रेम (सोमवार, दुपारी १.२०)

मी मूळचा सांगलीचा, सध्या पुण्यात. रेंजफाइंडर वापरायला लागून तीस वर्षं झाली. कृष्णाकाठ, तुम्ही विचारलंत डोळा, हात की लेन्स. याचं उत्तर तुमच्या निगेटिव्हमध्येच आहे. सत्तावीस चुकलेल्या फ्रेम लूपखाली (भिंगाखाली) घ्या आणि प्रत्येकीत फोकस डोळ्याच्या पुढे पडलाय की मागे, ते मोजा. पुढे-मागे विखुरलेलं असेल तर दोष बघणाऱ्याचा किंवा हलण्याचा. बहुतेक एकाच बाजूला असेल तर कॅमेरा आणि लेन्स यांचं आपसात जुळत नाही. हे मोजल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावू नका.

आकडे घ्या, म्हणजे कशाशी झुंजतोय ते कळेल.

८५ एमएम, एफ/२, दोन मीटर अंतर, ३५ एमएम फिल्म, नेहमीचा ०.०३ मिमीचा निकष (फिल्मवर एवढा डाग शार्पच समजतात). डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जेवढ्या खोलीत सगळं शार्प दिसतं ती, सगळी मिळून साधारण ६.४ सेमी. म्हणजे डोळ्याच्या पुढे सव्वातीन आणि मागे सव्वातीन. दीड मीटरवर ती ३.५ सेमी होते. डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतर याहून जास्त आहे, म्हणून तुमच्याकडे कान शार्प आणि डोळा मऊ.

आता रेंजफाइंडर किती अचूक? दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले खिडकी चित्र किती पट दाखवते तो आकडा, हा त्याचा खरा पाया. झोर्की-४ चा सुमारे ३८ मिमी. तुमच्या ताईंच्या एम६ चा सुमारे ५०. जुन्या एम३ चा ६२ च्या आसपास, कारण तिची खिडकी जवळजवळ आहे तेवढंच दाखवते. फेड-२ दिसायला गरीब, पण पाया सुमारे ५०. कीव्ह-४ चा तर दोन खिडक्यांमधला पल्लाच ९० मिमी. उलट अलीकडची बेसा आर२ घ्याल तर ३७ मिमी गुणिले ०.६८, म्हणजे जेमतेम २५. बेसा उत्तम कॅमेरा आहे, पण ८५ एफ/२ तिच्यावर लावायला मी सांगणार नाही.

माणसाचा डोळा एका अंशाचा साठावा भाग ओळखतो असं धरलं तर दोन मीटरवर झोर्कीची चूक तीन सेमीपर्यंत जाते. डेप्थ सव्वातीन. म्हणजे झोर्की काठावर पास होते, आणि तेही सगळं अगदी जुळलेलं असेल तर. एम६ वर तीच चूक सव्वादोन-अडीच सेमी.

आणि एक गोष्ट बरेच जण चुकीची समजतात. 'मागे सरका, डेप्थ वाढेल, फोकस सोपा होईल.' डेप्थ अंतराच्या वर्गानं वाढते हे खरं, पण रेंजफाइंडरची चूकही अंतराच्या वर्गानंच वाढते. दोघांचं प्रमाण तेच राहतं. मागे सरकून फायदा एवढाच, की तुमचं आणि समोरच्याचं हलणं सेंटीमीटरमध्ये तेवढंच राहतं, म्हणून त्याचा त्रास कमी होतो.

८५ एफ/२ हे रेंजफाइंडरवरचं जुनं, मानाचं जोडकाम आहे हेही लक्षात ठेवा. १९५० साली टोकियोत जुन मिकी यांनी 'लाइफ'च्या डेव्हिड डग्लस डंकन यांचा फोटो निक्कोर ८५ एफ/२ नं काढला. तो बघून डंकन यांनी निक्कोर लेन्स घेतल्या आणि कोरियाच्या युद्धात त्याच वापरल्या. जपानी लेन्सकडे जगाचं लक्ष गेलं त्याची सुरुवात या ८५ पासून आहे. ज्युपिटर-९ चं घराणं सांगायचं तर : ती झाइसच्या सोनार ८५ एफ/२ वरून बेतलेली, तीन गटांत सात काचा. निक्कोरही त्या सोनारच्याच वळणाची. अॅपर्चर थोडं बंद केलं तरी गोल दिव्याचा डाग गोलच येतो तुमच्याकडे, तो अॅपर्चरच्या पंधरा पात्यांमुळे.

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ११.१५)

काका, आत्ता लूप घेऊन बसलो होतो. सत्तावीसपैकी बावीस मागे, पाच पुढे. उत्तर मिळालं म्हणायचं.

ताई, मी सगळे आडवेच धरून काढले होते. पापणीचं डोक्यातच आलं नव्हतं.

लेथवाला (मंगळवार, सकाळी ६.५०)

फर्स्ट शिफ्टला निघायच्या आधी लिहितो. मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला आहे. फोटो हौसेनं काढतो, पण कॅमेरे उघडायची आवड जास्त.

बघा, स्क्रू माउंटच्या रेंजफाइंडरमध्ये आत एक बारका दांडा असतो, तो लेन्सच्या मागच्या कडेला टेकतो. लेन्स पुढे सरकली की दांडा पुढे येतो आणि खिडकीतली प्रतिमा सरकते. ५० च्या लेन्समध्ये काच जेवढी सरकते तेवढाच दांडा सरकतो. ८५ मध्ये तसं होत नाही. ज्युपिटर-९ चा सगळ्यात जवळचा फोकस १.१५ मीटर. अनंतापासून (सगळ्यात लांबच्या फोकसपासून) तिथे येताना काच सुमारे ६.८ मिमी पुढे येते, आणि दांड्याला मात्र ५० च्या हिशेबानं सुमारे २.४ मिमीच सरकवायचं असतं. म्हणून लेन्सच्या आत दोन वेगवेगळ्या पिचचे आटे असतात. दांड्याकडची चूक फिल्मकडे जवळजवळ पावणेतीनपट होऊन पोचते.

एफ/२ ला फिल्मच्या पातळीवर चालणारी चूक ०.०६ मिमी. भागिले पावणेतीन. दांड्याला दोन शतांश मिलिमीटरची सवलत मिळाली, बस्स. आमच्याकडे ग्राइंडिंगला असला टॉलरन्स ड्रॉइंगवर आला की लोक चहा पिऊन मगच मशीनला हात लावतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वस्तू, मध्ये तीन-चार जणांनी उघडलेली, ती आपोआप एवढी जुळेल ही अपेक्षाच करू नये.

आता एक सांगा. याच लेन्सनं लांबचं काय काढलंय का, एफ/२ ला? दुहेरी प्रतिमा अनंतावर नीट जुळवून? त्यावरनं कळेल चूक कुठल्या जातीची आहे. लांबचं शार्प आणि जवळचंच मागे पडत असेल तर आट्यांचा घोळ, तो घरी सुटत नाही. लांबचंही मऊ असेल तर काचांचा गट फिल्मच्या जास्त जवळ बसलाय. ते शिमनं, म्हणजे मध्ये पातळ पत्र्याची रिंग घालून, सुटतं.

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री ९.००)

लांबचं काढलंय! दिवेलागणीला घाटावरून आयर्विन पुलाचे काढले होते, सहा फ्रेम, एफ/२. १९२९ चा तो दगडी पूल, कमानींचे दगड एकेक दिसावेत अशी इच्छा होती. सगळे मऊ आहेत. मी समजत होतो की ज्युपिटर-९ उघडी असताना अशीच मऊ असते, सगळीकडे तसंच वाचलं होतं. दोन वर्षं मी त्या लेन्सला तसंच समजत आलो.

छत्तीसवी_फ्रेम (मंगळवार, रात्री ९.४५)

मग शिमच. ऐकून बरं वाटलं. इंटरनेटवर ज्युपिटर-९ ला मऊ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची लेन्स नुसती चुकीच्या जागी बसलेली असते, असं माझं मत आहे. जागेवर बसली की एफ/२ ला ती चेहऱ्यासाठी फार गोड आहे. पापण्या सुट्या दिसतात आणि कातडी ओरबाडल्यासारखी दिसत नाही.

क्रम चुकवू नका. आधी कॅमेरा, मग लेन्स. ५० नं तुमचे फोटो व्यवस्थित येतात म्हणजे झोर्कीचा रेंजफाइंडर बरोबर आहे. त्याला आता हात लावायचा नाही. ८५ जुळावी म्हणून कॅमेराच फिरवलात तर ५० बिघडेल.

लेन्स तपासायला रोल घालवायची गरज नाही. झोर्की-४ चं मागचं झाकण पूर्ण निघतं, हे तिचं मोठं सुख. (जुन्या स्क्रू माउंट लायकात फिल्म खालून घालतात, तिथे हे जमत नाही.) पातळ काचेचा तुकडा फिल्मच्या रुंदीएवढा कापून घ्या, एका बाजूला मॅट चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावा. पट्टीची बाजू लेन्सकडे. काच आतल्या दोन पट्ट्यांवर टेकली पाहिजे, जिथे फिल्म टेकते. बाहेरच्या उंच पट्ट्यांवर टेकवलीत तर सगळं माप चुकेल. शटर बी वर (बटण दाबलेलं असेतो उघडं राहतं त्यावर) ठेवा, लॉक होणारी केबल लावून उघडं ठेवा. कॅमेरा स्टँडवर. दीड मीटरवर वर्तमानपत्र पंचेचाळीस अंशात उभं करा, एका मथळ्यावर रेंजफाइंडर जुळवा आणि मग मागून लूप लावून बघा, शार्प कुठली ओळ आहे.

हे सगळं एफ/२ लाच करायचं. सोनार घराण्यातल्या लेन्स अॅपर्चर बंद करत गेलं की फोकस मागे सरकवतात. २.८ ला जुळवून ठेवलीत तर एफ/२ ला पुढे पडेल, आणि तुमचं काम एफ/२ चं आहे.

कोणी लायकावर ज्युपिटर-९ लावणार असेल तर त्याच्यासाठी : लायकाचा हिशेब ५१.६ मिमीच्या लेन्सवर बेतलेला, सोव्हिएत कॅमेऱ्यांचा ५२.४ वर. लांबचं जुळवलं तर जवळचं सुटतं, जवळचं जुळवलं तर लांबचं. म्हणून सोव्हिएत लेन्स सोव्हिएत कॅमेऱ्यावरच सुखी असते.

अंगणातली_जाई (बुधवार, दुपारी ३.३०)

हा धागा वाचून कपाट उघडलं. बाबांचा फेड-२ आहे. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं, तेव्हा बाबांनी आधी आजीचा फोटो आणि हा कॅमेरा माळ्यावर टाकला, मग बाकीचं. कॅमेरा भिजला नाही, पण नंतर महिनाभर घरात ओल होती आणि लेन्सच्या आत बुरशीचे धागे आलेत. खिडकीतला पिवळट ठिपका, जिथे दोन प्रतिमा जुळवायच्या, तो फार फिका दिसतो. बाबा आता चौसष्टचे, 'मला दोन प्रतिमा दिसतच नाहीत' म्हणतात. छत्तीसवी_फ्रेम यांनी फेड-२ चा पाया ५० सांगितला ते वाचून फार आनंद झाला. यावर ८५ लावून त्यांना नातवाचे फोटो काढता येतील का?

छत्तीसवी_फ्रेम (बुधवार, रात्री ८.२०)

नक्की येतील. रिवाइंडच्या गोल बटणापाशी एक छोटी दांडी आहे का बघा, बहुतेक फेड-२ ना असते. ती चष्म्याच्या नंबरासारखी फिरते. बाबांनी चष्मा काढून, लांबच्या खिडकीचे गज स्पष्ट दिसेपर्यंत ती फिरवायची. साठीनंतर अर्ध्या लोकांची तक्रार तिथेच संपते. झोर्की-४ लाही ती दांडी आहे, कृष्णाकाठ यांनीही बघावी. दर वेळी तपासावी, कारण रोल गुंडाळताना ती सरकते.

ठिपका फिका असेल तर काळ्या चिकटपट्टीचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोल कापून, पुढच्या बाजूनं, बघायच्या मोठ्या खिडकीच्या बरोबर मध्यावर लावा. मधली मूळ प्रतिमा काळवंडते आणि वरची प्रतिमा उठून दिसते. एका पैशाचा खर्च नाही.

बुरशीची लेन्स मात्र आधी साफ करून घ्या, आणि तोवर दुसऱ्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. कृष्णा नदीच्या काठावरच्या घरांना हे कायमचं पथ्य आहे.

तंबोरा (गुरुवार, रात्री १०.१०)

मी त्याच गल्लीतला. घरात तीन पिढ्या वाद्यांचं काम. दादा, तुम्ही ज्यांचे फोटो काढलेत ते आमच्या नात्यातले, तुम्ही तीन रविवार कॅमेरा बाजूला ठेवून आधी तास-तास नुसतं बसला होता हे त्यांनी घरी सांगितलं होतं.

उजेडाचं सांगतो. आमच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे. साडेआठ ते साडेनऊ समोरच्या भिंतीवरून ऊन परत येतं आणि आत मऊ पसरतं. दहानंतर रस्त्यावर ऊन सरळ पडतं, बाहेर भगभगीत आणि आत काळोख. भोपळ्याला लाखेचा हात देतो तेव्हा तो चमकतो, चेहऱ्यावर खालून उजेड येतो, ते तुम्ही बघा.

आणि जवारीच्या वेळी माणूस किती हलतो ते आम्हाला पाठ आहे. तार छेडली की तो पुढे झुकतो, साधारण चार बोटं. आवाज लागला की तिथेच थांबतो. दोन श्वास तरी हलत नाही. तुम्ही छेडताना फोकस करत असाल तर तो चुकणारच. थांबला की करा.

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री १०.४०)

तंबोरा, हे मला कोणी सांगू शकलं नसतं. मी तार छेडतानाच जुळवत होतो. मनापासून आभार. आणि त्यांना माझा नमस्कार सांगा.

तिसरी_घंटा (शुक्रवार, सकाळी ७.३०)

'दोन श्वास तरी हलत नाही', हे मी वहीत लिहून घेतलं. नटाचंही असंच असतं. वाक्य संपल्यावर तो समोरच्याचं ऐकतो, त्या थांबण्यात फोटो असतो.

फोकस करून मग फ्रेम बदलण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. ठिपका मध्यावर असतो आणि डोळा आपल्याला वरच्या भागात हवा असतो. कॅमेरा वळवला की फोकसची पातळी डोळ्याच्या थोडी मागे जाते. दोन मीटरवर ८५ नं डोळा फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या रेघेवर ठेवला तर ही चूक अर्धा सेंटीमीटरच येते. त्याहून वर ठेवला तर वाढत जाते. घाबरण्यासारखं नाही, पण ती नेहमी मागेच पडते, म्हणून मी वळवल्यावर केसभर मागे झुकते.

छत्तीसवी_फ्रेम (शुक्रवार, दुपारी २.००)

उन्हातलंही सांगून ठेवतो, कारण लेन्स जुळली की कृष्णाकाठ ती घेऊन हरिपूरच्या संगमावर जाणारच. भर दुपारी चारशेच्या रोलवर एफ/१६ ला पाचशे येतं. एफ/२ हवा असेल तर झोर्कीच्या हजाराच्या शटरलाही पाच स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड पाच वेळा निम्मा करणारी गडद काच) लागतो. आरशाच्या कॅमेऱ्यात एवढ्या गडद फिल्टरमधून काही दिसत नाही. रेंजफाइंडरची खिडकी वेगळी, त्यामुळे ती लख्ख राहते आणि फोकस नेहमीसारखा होतो. लाल फिल्टरलाही हेच. फिल्टर लावलाय हे विसरणं मात्र सोपं, तसंच झाकण विसरणंही.

आणि झाकण लावत जा. मी संगमावरच, वारणा आणि कृष्णा मिळतात त्या टोकाला, लेन्स उघडी ठेवून कॅमेरा गळ्यात टाकून बसलो होतो. सूर्य समोर. आरसा नसल्यामुळे लेन्स सरळ कापडी शटरवर भिंगासारखी पेटते. पुढचा अख्खा रोल एका जागी पांढरा ठिपका घेऊन आला. पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं. त्या पडद्याची मला अजून हळहळ वाटते.

कृष्णाकाठ (शनिवार, संध्याकाळी ६.१५)

काच कापून आणली, पट्टी लावली. दीड मीटर, एफ/२, वर्तमानपत्र. पाच वेळा नव्यानं फोकस जुळवून बघितलं. दर वेळी शार्प ओळ ४.५ ते ५.५ सेमी मागे. सरासरी पाच धरली तर फिल्मपाशी किती होतात?

लेथवाला (शनिवार, संध्याकाळी ७.००)

८५ भागिले १४१५, त्याचा वर्ग, गुणिले ५० मिमी. ०.१८ मिमी. फोकस मागे पडतोय म्हणजे काच पुढे आणायची, म्हणजे शिम घालायची.

माझ्याकडे पितळी शिमचा पत्रा आहे, ०.१, ०.०५ आणि ०.०२५ चा. उद्या सकाळी लेन्स घेऊन घरी या. काचांचा गट बाहेर काढला की तो ज्या कडेवर बसतो तिथे गोल रिंग कापून टाकू. गट फिरवून काढायच्या आधी आट्यांवर सुईनं खूण करायची, चुकीच्या आट्यावर परत बसला तर दिवस जातो. कात्रीनं कापलेल्या रिंगेची कड उचललेली राहते, ती तेलाच्या दगडावर बसवून घ्यावी लागते. नाहीतर ०.१ ची रिंग ०.१३ होऊन बसते.

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री १०.२०)

काल सकाळी आठ ते साडेअकरा लेथवाला यांच्या ओट्यावर होतो. वहिनींनी दोनदा चहा दिला आणि भडंगाचं ताट ठेवलं, पण लेन्स उघडी असेपर्यंत कोणी ताटाला हात लावला नाही.

गट बाहेर काढला तेव्हा कडेवर एका रिंगेचा वळ दिसला, पण रिंग नव्हती. आधी कोणीतरी उघडून परत बसवताना ती राहून गेली असणार. पहिल्यांदा ०.१ आणि ०.०५ टाकली. काचेवर बघितलं तर अजून आठ-नऊ मिमी मागे. मी म्हटलं चालेल. ते म्हणाले, 'नाही, वळवताना आणखी मागे जाणार हे ताईंनी लिहिलंय ना, मग इथेच काढू.' ०.०२५ ची आणखी एक टाकली. मग मथळ्याचीच ओळ शार्प. संध्याकाळी घाटावर जाऊन अनंतावर काच लावून बघितलं, पुलाच्या कमानींचे दगड सुटे दिसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

येत्या रविवारी परत मिरजेला जातो.

अंगणातली_जाई (मंगळवार, सकाळी ११.००)

दांडी सापडली, चिकटपट्टी लावली. बाबा खिडकीपाशी उभे राहून अर्धा तास नारळाच्या झावळ्या जुळवत होते. लेन्स साफ करायला दिली आहे. ८५ शोधतोय.

कृष्णाकाठ (पुढचा बुधवार, रात्री ११.३०)

रोल आज धुतला. छत्तीसपैकी सव्वीस जागेवर. चुकलेल्या दहांत पाच पुढे आणि पाच मागे. काका, आता विखुरलेलं आहे. म्हणजे राहिलेली चूक माझी, ती सरावानं कमी करेन.

पावणेनऊला पोचलो. कॅमेरा उभा धरला, पापणीवर जुळवलं, हात आखडून बसलो. तार छेडताना काही केलं नाही. आवाज लागला, ते थांबले, ठिपका परत एकदा जुळवला, श्वास सोडला आणि दाबलं. साठावर. बावीस नंबरच्या फ्रेममध्ये डाव्या डोळ्याची खालची पापणी एकेक केस धरून आलीय, बुबुळात दाराची उभी चौकट आहे, आणि पुढे तारेखालचा दोरा नुसता धूसर पांढरा.

तंबोरा, त्या फ्रेमची मोठी प्रिंट काढतोय, बारा बाय पंधरा. रविवारी घेऊन येतो. ते दुकानात साडेआठला असतील ना?

तंबोरा (गुरुवार, सकाळी ७.०५)

आठलाच असतात. या रविवारी दोन भोपळ्यांना लाख द्यायची आहे, लवकर या. कॅमेराही आणा.